डीमॅट-ट्रेडिंग खातं हॅक झालं तर काय करायचं?

तुम्ही टाकलेलीच नाही अशा ऑर्डरचा एसएमएस येतो. किंवा मागितला नसताना लॉगिनचा ओटीपी येतो. किंवा कालपर्यंत चालणारा पासवर्ड आज ॲप नाकारतं. यातलं काहीही आत्ता तुमच्याबाबतीत घडत असेल, तर हा लेख शेवटपर्यंत वाचत बसू नका. पुढच्या भागात सांगितल्याप्रमाणे ट्रेडिंग खातं आधी गोठवून घ्या, मग परत इथे या.

नवे गुंतवणूकदार नेमके इथेच अडखळतात. आधी खात्री करू म्हणून ऑर्डर बुक चाळत बसतात, ओळखीच्या कुणाला स्क्रीनशॉट पाठवून विचारतात, त्याच्या उत्तराची वाट पाहतात. बाजार चालू असेल तर तेवढ्या वेळात खातं धुवून निघू शकतं. शंका खोटी निघाली तर गोठवलेलं खातं ओळख पटवून पुन्हा चालू करून घेता येतं, त्यात थोडा मनस्ताप होतो इतकंच. शंका खरी निघाली तर गेलेली वीस मिनिटं कुणीही परत देत नाही.

सगळ्यात आधी: ट्रेडिंग खातं गोठवा

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने १२ जानेवारी २०२४ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार, संशयास्पद हालचाल दिसल्यास ग्राहकाला स्वतःहून आपल्या ट्रेडिंग खात्याचा ऑनलाइन प्रवेश बंद करून घेता आला पाहिजे. ही सोय ब्रोकरांनी देणं १ जुलै २०२४ पासून बंधनकारक आहे. त्यासाठी ई-मेल, एसएमएस, खास फोन नंबर, ॲप किंवा वेबसाइटवरची सोय असे मार्ग ब्रोकर ठेवतात. ई-मेलचा खास पत्ता 'स्टॉपट्रेड' या शब्दाने सुरू होतो आणि ॲटच्या पुढे ब्रोकरचं स्वतःचं डोमेन असतं. विनंती मात्र खात्यात नोंदवलेल्याच ई-मेलवरून किंवा मोबाइलवरून गेली पाहिजे.

बाजार चालू असताना विनंती मिळाली तर ब्रोकरने १५ मिनिटांत खातं बंद करायचं असतं; बाजार बंद असताना मिळाली तर पुढचं सत्र सुरू होण्याआधी. प्रलंबित ऑर्डर ब्रोकर रद्द करतो आणि कोणत्या पोझिशन (अजून पूर्ण न झालेले सौदे) उघड्या आहेत, त्यांची एक्स्पायरी (मुदत संपण्याची तारीख) कधी, हे तुम्हाला तासाभरात कळवतो.

फोन आणि ई-मेल दोन्ही करा. फोनमुळे काम हलतं, ई-मेलमुळे पुरावा राहतो. मजकूर सुचत नसेल तर हा जसाच्या तसा वापरा:

"विषय: ट्रेडिंग खातं तातडीने गोठवा, क्लायंट कोड अमुक.
माझ्या खात्यात आज सकाळी १०:१२ पासून माझ्या नकळत व्यवहार होत आहेत. खात्याचा ऑनलाइन प्रवेश ताबडतोब बंद करा. प्रलंबित ऑर्डर रद्द करा. सर्व उपकरणांवरील लॉगिन आणि एपीआय परवानग्या काढून टाका. पैसे काढण्याची कोणतीही विनंती थांबवा. माझं बँक खातं, मोबाइल नंबर किंवा ई-मेल बदलण्याची विनंती आली असल्यास ती रोखा आणि मला कळवा. ही सूचना मिळाल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक उत्तरात द्यावा."

शेवटचं वाक्य गाळू नका. तुम्ही किती वाजता कळवलं आणि ब्रोकरने किती वाजता खातं बंद केलं, या दोन वेळांमधल्या सौद्यांवरच पुढे सगळा वाद होतो. तुमच्याकडे वेळ लिहिलेली असेल तर त्या सौद्यांबद्दल ब्रोकरला ठणकावून जाब विचारता येतो.

ब्रोकरचा नंबर सर्च करून शोधू नका. खोटे कस्टमर केअर नंबर सर्चमध्ये वर आणून ठेवणं हा जुना धंदा आहे आणि घाबरलेला माणूस त्यात पटकन सापडतो. नंबर जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरून (सौद्यांनंतर ब्रोकर पाठवतो त्या पत्रकावरून) किंवा ब्रोकरच्या खऱ्या वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करून घ्या.

फोनवरचं नेटवर्कच अचानक गायब झालं असेल तर प्रकरण सिम स्वॅपचं असू शकतं, म्हणजे तुमच्या नंबरचं दुसरं सिम कुणीतरी काढलं आहे. अशा वेळी घरातल्या एकाने आपल्या फोनवरून मोबाइल कंपनीला सिम बंद करायला सांगावं आणि तुम्ही दुसऱ्या फोनवरून ब्रोकरशी बोलावं. एकामागून एक करत बसू नका, कारण तोवर तुमचे सगळे ओटीपी त्याच्या हातात पडत असतात.

पैसे बँकेत वळवले नाहीत, तरी चोरी होते

ब्रोकरकडे असलेले पैसे तुमच्या नावावर नोंदवलेल्या बँक खात्यातच जातात. त्यामुळे अनेकांना वाटतं, 'शिरला तरी नेणार काय?' हा गैरसमज महागात पडतो. चोर पैसे काढण्याऐवजी सौद्यातूनच ते स्वतःकडे वळवतो.

समजा, एका ऑप्शनचा (पुढच्या तारखेपर्यंत ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याच्या हक्काचा) असा स्ट्राइक, म्हणजे ठरलेला भाव, आहे ज्यात कुणी व्यवहारच करत नाही आणि त्याची किंमत ५ पैसे आहे. चोराचा साथीदार आपल्या खात्यात असे १,००० नग घेऊन ते ४० रुपयांना विकायला लावतो. त्याच क्षणी तुमच्या खात्यातून ४० रुपयांना खरेदीची ऑर्डर टाकली जाते. एक्स्चेंजच्या यंत्रणेत दोन ऑर्डर जुळतात आणि सौदा होतो. तुमचे ४०,००० रुपये पलीकडे गेले, तुमच्या हाती ५० रुपयांचा माल राहिला. बँकेच्या पासबुकात याची एक ओळही दिसत नाही. खात्यात तो फक्त 'तोटा' म्हणून दिसतो.

शेअर्सच्या बाबतीत हीच युक्ती जरा वेगळ्या रूपात येते. तुमचे चांगले, पटकन खपणारे शेअर्स विकून त्या पैशांतून एखादा पडेल पेनी स्टॉक चढ्या भावाने उचलला जातो. टोळीने तो आधीच स्वस्तात घेऊन ठेवलेला असतो.

म्हणून खातं गोठवल्यावर नुसता बॅलन्स पाहून 'पैसे आहेत' असं समाधान मानू नका. ट्रेड बुक उघडायला सांगा. प्रत्येक सौद्याचा ऑर्डर क्रमांक, ट्रेड क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. ई-मेलने येणाऱ्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरही ही माहिती असते. समोरची बाजू कोण होती हे तुम्हाला दिसत नाही, पण एक्स्चेंजकडे त्याची नोंद असते आणि तपास यंत्रणा ती काढू शकतात. चोराने सौद्यातूनच पैसे नेले असतील तर त्याचा माग याच क्रमांकांवरून लागतो, म्हणून ते तक्रारीत असायलाच हवेत.

ज्या पोझिशन अजून उघड्या आहेत त्यांचं काय? गोठवण्याने फक्त ऑनलाइन प्रवेश बंद होतो, उघडे सौदे तसेच राहतात आणि मार्जिन (सौद्यासाठी ब्रोकरकडे ठेवावी लागणारी अनामत) कमी पडलं तर ब्रोकर ते आपल्या नियमांनुसार बंदही करू शकतो. तोटा वाढत जाण्यासारखी पोझिशन असेल, विशेषतः विकलेले ऑप्शन, तर ती लगेच बंद करून घ्यावी असं माझं मत आहे. पण त्याच वेळी ई-मेलमध्ये स्पष्ट लिहा: "हे सौदे मी केलेले नाहीत. नुकसान वाढू नये म्हणून बंद करायला सांगत आहे. त्यामुळे ते मला मान्य आहेत असा अर्थ होत नाही." हे लिहिलं नाही तर पुढे 'तुम्हीच तर सौदा पूर्ण केला' असं ऐकावं लागेल.

डीमॅट आणि बँक

ट्रेडिंग खातं आणि डीमॅट खातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नव्या माणसाच्या बऱ्याचदा लक्षात येत नाही. ट्रेडिंग खात्यातून सौदा होतो. शेअर्स ठेवलेले असतात डीमॅटमध्ये, म्हणजे एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीकडे. तुमचा ब्रोकर बहुधा डिपॉझिटरी पार्टिसिपंटही, म्हणजे डिपॉझिटरीचा एजंटही, असतो, पण काहींचं डीमॅट बँकेत असतं. ज्याच्याकडे असेल त्याला डीमॅटमधून शेअर्स बाहेर जाणं रोखायला सांगा. याला डेबिट फ्रीझ म्हणतात. २७ जानेवारी २०२३ पासून शेअर्सची सेटलमेंट, म्हणजे शेअर्स आणि पैशांची प्रत्यक्ष देवघेव, सौद्याच्या दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी होते, त्यामुळे 'उद्या बघू' म्हणायला वाव नाही. आज विकले गेलेले शेअर्स असतील तर त्यांच्या डिलिव्हरीचं काय होणार, हेही त्याच फोनवर विचारा.

शेअर्स खरंच शिल्लक आहेत का, हे ब्रोकरच्या ॲपवर न पाहता थेट डिपॉझिटरीच्या वेबसाइटवर पाहा. सीडीएसएलची 'ईझी' आणि एनएसडीएलची 'आयडियाज' ही सोय त्यासाठीच आहे. म्युच्युअल फंड असतील तर कॅम्स आणि केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडून एकत्रित स्टेटमेंट मागवा आणि कुठल्या फोलिओत विक्रीची विनंती गेली आहे का ते बघा. फंडाचे पैसे तुमच्या बँकेतच येतात, पण चोराकडे बँकेचंही लॉगिन असेल तर ते तिथून पुढे जायला वेळ लागत नाही.

म्हणून बँकेलाही कळवा, तिथून एक रुपयाही गेला नसला तरी. नेट बँकिंग आणि यूपीआय तात्पुरतं बंद करा. ब्रोकरकडे परस्पर पैसे वळते करण्यासाठी दिलेले मँडेट तपासा. पैसे गेलेच असतील, तर रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे नियम लक्षात ठेवा: चूक ना बँकेची ना तुमची, आणि तुम्ही बँकेची सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर भार येत नाही. हे बँकेतल्या व्यवहारांपुरतं आहे. ट्रेडिंग खात्यातल्या सौद्यांना हे संरक्षण लागू नाही.

पासवर्ड बदला, पण दुसऱ्या उपकरणावरून

ज्या फोनवरून घोटाळा झाला त्याच फोनवर बसून नवा पासवर्ड टाकला, तर तोही चोराला कळण्याची शक्यता असते. लग्नपत्रिका, वाहनाचा दंड किंवा केवायसी अशा नावाने आलेली एपीके फाइल कुणी उघडली असेल, तर फोनमध्ये एसएमएस वाचणारं ॲप बसलेलं असू शकतं. तो फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफायही बंद करा. फॅक्टरी रीसेट मात्र इतक्यात करू नका. पोलिसांना त्यातलं काही पाहायचं असेल तर सगळा पुरावा तुमच्याच हाताने पुसला जाईल.

घरातल्या दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून किंवा संगणकावरून सुरुवात ई-मेलपासून करा. ब्रोकर, बँक, फंड, सगळ्यांच्या 'पासवर्ड विसरलात?' लिंक तिथेच येतात. ई-मेल चोराच्या ताब्यात असताना ब्रोकरचा पासवर्ड दहादा बदलून उपयोग नाही. ई-मेलचा पासवर्ड बदलला की सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा, रिकव्हरीचा नंबर आणि पर्यायी ई-मेल तपासा, आणि सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग आणि फिल्टर पाहा. ब्रोकरच्या नावाने आलेली मेल परस्पर कचऱ्यात टाकणारा एखादा फिल्टर चोर लावून जातो आणि तुम्हाला वाटत राहतं की कॉन्ट्रॅक्ट नोट आलीच नाही.

त्यानंतर ब्रोकर, मग बँक, मग बाकीचं. कॉल फॉरवर्डिंगही बघा: ##००२# डायल केलं की तुमच्या नंबरवर लावलेली सगळी फॉरवर्डिंग रद्द होतात. अल्गो ट्रेडिंगसाठी (संगणकाने आपोआप ऑर्डर टाकण्यासाठी) कुठल्या ॲपला एपीआयची, म्हणजे खात्याशी थेट जोडणीची, परवानगी दिली असेल तर तीही काढा. नुसता पासवर्ड बदलून ती आपोआप जाईलच असं धरून चालू नका.

१९३० आणि पोलीस

१९३० ही आर्थिक सायबर फसवणुकीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पैसे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत उड्या मारत असताना वाटेतच अडवणं हे तिचं मुख्य काम, म्हणून जितक्या लवकर फोन तितकी आशा जास्त. फोन करण्याआधी व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ आणि कोणत्या बँकेतून गेले, हे कागदावर लिहून समोर ठेवा. मिळालेला पावती क्रमांक जपा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पत्त्यावर, सविस्तर तक्रार भरा. बँकेतून काहीच गेलं नसेल, फक्त खोटे सौदे झाले असतील, तरी पोर्टलवरची तक्रार टाळू नका. जवळच्या सायबर पोलीस ठाण्यात लेखी अर्जही द्या. ओळख चोरण्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-क आणि तोतयेगिरी करून फसवण्यासाठी ६६-ड आहे. कलमं लावणं पोलिसांचं काम असलं तरी तुम्हाला ती माहीत असलेली बरी.

तक्रारीत खरं तेच लिहा, अडचणीचं असलं तरी. 'अकाउंट हँडलिंग' करून देतो म्हणणाऱ्या टेलिग्रामवरच्या माणसाला तुम्ही स्वतः लॉगिन आणि ओटीपी दिला असेल, तर ते लपवू नका. लॉगिन कुठून झालं, ओटीपी कुठे टाकला, हे नोंदींमध्ये दिसतंच, आणि लपवलेली एक गोष्ट उघडी पडली की खऱ्या दहा गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. अशा वेळी नुकसानभरपाईची बाजू कमकुवत होते, हे खरं. पण त्या माणसाविरुद्धची तक्रार कमकुवत होत नाही, आणि त्याचा फोन नंबर, चॅट, त्याला पाठवलेले पैसे हा सगळा धागा पोलिसांच्या उपयोगाचा असतो.

आणखी एक फरक इथेच समजून घ्या. तुमचं खरं खातं फोडलं गेलं की तुम्ही मुळात खोट्या ॲपमध्ये पैसे भरत होता? ग्रुपमधल्या लिंकवरून घेतलेल्या ॲपमध्ये दिसणारे शेअर्स जर एनएसडीएल किंवा सीडीएसएलच्या वेबसाइटवर दिसत नसतील, तर ते कधी घेतलेच गेले नव्हते. तिथे गोठवायला ब्रोकरच नाही. थेट १९३० आणि तुमची बँक.

ब्रोकरकडे लेखी तक्रार, मग स्कोअर्स

पहिल्या दिवसाची धावपळ संपली की ब्रोकरच्या तक्रार निवारण विभागाला शांतपणे लिहिलेली तक्रार पाठवा. गोठवण्याची मेल म्हणजे तक्रार नव्हे. यात घटनाक्रम वेळेनुसार लिहा, नाकारत असलेल्या प्रत्येक सौद्याची यादी जोडा, आणि ब्रोकरकडे ठरावीक गोष्टी मागा: त्या दिवसांचे लॉगिनचे आयपी पत्ते, कोणतं उपकरण, ओटीपी कुठे पाठवला, प्रोफाइलमध्ये काय बदल झाले. 'ही माहिती माझ्या हाती लगेच देत नसाल तरी जपून ठेवा', असं ब्रोकरला लिहून द्या. अनोळखी उपकरणावरून लॉगिन झालं आणि तुम्हाला कसलाही इशारा आला नाही, असं निघालं तर तुमचं म्हणणं बळकट होतं.

उत्तर समाधानकारक नसेल तर सेबीचं स्कोअर्स हे तक्रारींचं पोर्टल आहे. १ एप्रिल २०२४ पासून त्याची नवी आवृत्ती चालू झाली. तक्रार आपोआप ब्रोकरकडे जाते आणि २१ दिवसांत त्याला उत्तर द्यावं लागतं. उत्तर पटलं नाही तर १५ दिवसांच्या आत फेरविचार मागता येतो. हे दिवस मोजून लक्षात ठेवा, कारण मुदत उलटली की तक्रार बंद होते. घटनेपासून एक वर्षाच्या आत स्कोअर्सवर यावं लागतं. पोर्टल वापरताना अडलं तर सेबीचा टोल-फ्री क्रमांक १८०० २६६ ७५७५ आहे.

त्यानंतरचा टप्पा म्हणजे स्मार्ट ओडीआर हे वाद ऑनलाइन सोडवण्याचं पोर्टल, जिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो आणि तो फसला तर लवाद नेमला जातो. रक्कम मोठी असेल तर लवादाच्या आधी वकिलाशी बोला. एक्स्चेंजच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीवर मात्र आशा ठेवू नका; तो ब्रोकर दिवाळखोर ठरला तर मदतीला येतो, खातं हॅक झालं म्हणून नाही.

या काळात तुमच्याशी आणखी एक प्रकारचे लोक संपर्क करतील. 'तुमची केस आमच्याकडे आली आहे, थोडी फी भरा, पैसे परत मिळतील' असं सांगणारे. कधी सेबीचं नाव घेतील, कधी पोलिसांचं, लेटरहेडही दाखवतील. सेबी किंवा पोलीस पैसे सोडवून देण्यासाठी फी मागत नाहीत. फोन ठेवा आणि तो नंबरही तक्रारीत जोडा.

खातं पुन्हा सुरू करताना

घाई नको. संशयित फोन पोलिसांना दाखवून झाल्यावर रीसेट करा, मगच त्यावर ब्रोकरचं ॲप घ्या. पासवर्ड इतर कुठेही न वापरलेला असावा. एसएमएसवरच्या ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर ॲपचा पर्याय असेल तर तो घ्या. फ्युचर्स-ऑप्शनमध्ये व्यवहार करत नसाल तर तो सेगमेंट बंदच करून टाका. वर सांगितलेल्या ऑप्शनच्या चोरीचा रस्ता त्यामुळे बंद होतो. एनएसई आणि बीएसईकडून येणारे सौद्यांचे एसएमएस आणि डिपॉझिटरीकडून येणारं एकत्रित स्टेटमेंट, हे दोन्ही ब्रोकरच्या हाताबाहेरून येतात, म्हणून ते न वाचता पुसू नका.

आणि कागदपत्रांची एक वेगळी फाइल ठेवा. नाकारलेले सौदेही वर्षअखेरीच्या नफा-तोटा पत्रकात दिसतील, तुमचे विकले गेलेले शेअर्स भांडवली नफा म्हणूनही दिसतील. विवरणपत्र भरण्याआधी ब्रोकरला पाठवलेली तक्रार, पोलिसांची पावती आणि स्कोअर्सचा क्रमांक सीएला दाखवा, म्हणजे ते सौदे कसे दाखवायचे ते ठरवता येईल.